खिडकीतून उडी मारणारे आमदार

टेक्सासच्या प्रतिनिधिगृहातील पन्नासहून अधिक डेमोक्रॅट सदस्यांनी ३ ऑगस्ट २०२५ रोजी आपले राज्य सोडले. त्यांतील बहुतेकांनी इलिनॉय राज्यात, शिकागोच्या परिसरात मुक्काम ठोकला. दीडशे सदस्यांच्या त्या सभागृहाचे कामकाज चालण्यासाठी शंभर सदस्य हजर असावे लागतात आणि सत्ताधारी रिपब्लिकनांचे संख्याबळ होते ८८. विरोधक गैरहजर राहिले की गणपूर्ती होत नाही आणि गणपूर्तीवाचून विधेयक संमत होत नाही, असा हा सरळ हिशेब होता. ज्या विधेयकासाठी हा खटाटोप चालला होता, ते अमेरिकी काँग्रेसच्या मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखण्याचे होते. मतदारसंघांची पुनर्रचना तेथे साधारणतः दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर होते. टेक्सासमध्ये मात्र ती मध्येच, राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या आग्रहावरून आणि रिपब्लिकन पक्षाला आणखी पाच जागा मिळाव्यात अशा बेताने होत होती. गैरहजर सदस्यांना धरून आणण्याची वॉरंटे निघाली, दिवसाला पाचशे डॉलर दंडाचा बडगा दाखवण्यात आला. इलिनॉयचे गव्हर्नर जे. बी. प्रित्झकर यांनी पाहुण्यांना अभय दिले.

अशा प्रसंगी अमेरिकेत एक जुनी आठवण हमखास निघते. गणपूर्ती मोडण्यासाठी सभागृहाच्या खिडकीतून उडी मारणाऱ्या एका आमदाराची. तो प्रसंग १८४० सालचा, इलिनॉयमधलाच, आणि तो आमदार म्हणजे अब्राहम लिंकन. आठवण काढणारे बहुधा उडीपाशीच थांबतात. त्या उडीतून काय साधले आणि पुढे अठरा वर्षांनी मतदारसंघांच्या त्याच प्रश्नाने लिंकन यांचे काय झाले, हा भाग क्वचितच सांगितला जातो. टेक्सासच्या घडामोडी समजून घ्यायच्या तर तोच भाग अधिक महत्त्वाचा आहे.

लिंकन म्हटले की मराठी वाचकाला प्रथम आठवते ते हेडमास्तरांना लिहिलेले पत्र. वसंत बापट यांच्या मराठी रूपाने ते शाळाशाळांच्या भिंतींवर जाऊन बसले. लिंकन यांनी ते लिहिल्याचा पुरावा नाही आणि त्यांच्या समग्र लेखनाच्या खंडांत ते आढळत नाही. (स्वतः लिंकन यांचे शालेय शिक्षण सारे मिळून वर्षभराचेही भरत नव्हते.) दुसरी प्रतिमा गुलामांच्या मुक्तिदात्याची. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. त्या लढ्याविषयीचा आदर महाराष्ट्रात तेव्हापासून रुजलेला आहे. या दोन्ही प्रतिमांत न मावणारे एक लिंकन आहेत. नव्या वसाहतींच्या मुलखातले वकील आणि सलग चार वेळा निवडून आलेले पक्के राजकारणी आमदार.

उसनवारीवर सुरुवात

केंटकीत १८०९ मध्ये जन्मलेले आणि इंडियानाच्या जंगलात वाढलेले लिंकन १८३० मध्ये कुटुंबासमवेत इलिनॉयला आले. दुसऱ्या वर्षी सँगामन नदीकाठच्या न्यू सालेम या चिमुकल्या वस्तीत त्यांनी स्वतंत्र बिऱ्हाड केले. तेथे त्यांनी दुकानात नोकरी केली, पुढे भागीदारीत दुकान काढले आणि ते बुडाले. मागे राहिलेल्या कर्जाला ते थट्टेने ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणत आणि ते फेडायला त्यांना कित्येक वर्षे लागली. पोस्टमास्तरकी आणि जमीनमोजणीची कामे यांवर गुजराण चालली होती.

विधिमंडळाची पहिली निवडणूक त्यांनी १८३२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी लढवली आणि ते हरले. तेरा उमेदवारांत त्यांचा क्रमांक आठवा होता. परंतु स्वतःच्या गावच्या ३०० मतांपैकी २७७ मते त्यांना मिळाली होती. १८३४ मध्ये ते निवडून आले. तेव्हाची राजधानी व्हँडेलिया. अधिवेशनाला जाताना अंगावर धड कपडे असावेत म्हणून त्यांनी एका शेतकऱ्याकडून दोनशे डॉलर उसने घेतले. कायद्याची पुस्तकेही उसनीच होती. ती जॉन टॉड स्टुअर्ट या सहकारी आमदाराने दिली होती. त्या मुलखात वकील होण्यासाठी महाविद्यालयात जाण्याची गरज नसे. पुस्तके वाचावीत, अनुभवी वकिलाचा शब्द मिळवावा आणि सनद घ्यावी. लिंकन यांना ती सप्टेंबर १८३६ मध्ये मिळाली. पुढच्या एप्रिलमध्ये ते स्प्रिंगफील्डला गेले आणि स्टुअर्ट यांचे भागीदार झाले.

आमदारकी आणि वकिली अशा रीतीने एकाच वेळी शिकल्याने लिंकन यांच्या राजकारणाला एक वळण मिळाले. कायद्याचा मसुदा कसा लिहितात, दुरुस्ती कोठे घुसवतात आणि एका मताच्या बदल्यात दुसरे मत कसे मिळवतात, हे त्यांनी सभागृहात पाहिले. त्याच कायद्याचा सामान्य माणसाच्या शेतावर, कर्जावर आणि गुराढोरांवर काय परिणाम होतो, हे ते न्यायालयात पाहत होते.

कर्जात बुडालेले राज्य

दुसऱ्या कार्यकाळात लिंकन व्हिग पक्षाचे सभागृहातील नेते म्हणून पुढे आले. सँगामन परगण्यातून दोन्ही सभागृहांत मिळून नऊ जण निवडून गेले होते आणि नऊही जण उंचनिंच होते. ‘लाँग नाइन’ हे नाव त्यांना त्यामुळेच पडले. राजधानी व्हँडेलियाहून स्प्रिंगफील्डला आणणे हा त्यांचा मुख्य कार्यक्रम होता. फेब्रुवारी १८३७ च्या अखेरीस, मतदानाच्या चौथ्या फेरीत तो तडीस गेला.

त्याच अधिवेशनात रेल्वे, कालवे आणि नदीमार्ग यांच्यावर एक कोटी डॉलरहून अधिक खर्च करण्याचा कायदा झाला. ज्या परगण्यांच्या वाट्याला रेल्वे अथवा कालवा आला नाही, त्यांची समजूत काढण्यासाठी दोन लाख डॉलर रोख ठेवण्यात आले. हा सारा व्यवहार कर्जरोखे विकून व्हायचा होता. राजधानीसाठी मते मिळावीत म्हणून लाँग नाइननी ज्याला त्याला रेल्वे देऊ केली, असा आरोप तेव्हापासून होत आला. पुढे इलिनॉयचेच आमदार आणि त्यानंतर अमेरिकी सिनेटर झालेले पॉल सायमन यांनी विधिमंडळाच्या नोंदींतील मतदान तपासले आणि अशा सरसकट देवाणघेवाणीला पुरेसा आधार नसल्याचा निष्कर्ष १९६५ मध्ये काढला. तो मान्य केला तरी खर्चाची जबाबदारी मात्र टळत नाही. लिंकन या योजनेचे खंदे पुरस्कर्ते होते. न्यू यॉर्कला ईरी कालवा मिळवून देणाऱ्या डेविट क्लिंटन यांच्यासारखे इलिनॉयमध्ये व्हावे, अशी त्यांची मनीषा होती.

त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक अरिष्ट आले. रोखे विकले जाईनात. आखलेल्या लोहमार्गांपैकी एकाचाच काही भाग पुरा झाला आणि पुढे तोही कवडीमोलाने विकावा लागला. १८४० च्या जनगणनेत इलिनॉयची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती आणि राज्यावरचे कर्ज दीड कोटी डॉलरच्या घरात गेले. १८४२ उजाडेपर्यंत राज्याला व्याज भरणेही अशक्य झाले. ते ओझे उतरायला १८८० चे दशक उजाडावे लागले, म्हणजे लिंकन यांची हत्या होऊन पंधरा वर्षे उलटल्यावर. तरीही त्यांनी कामे अर्धवट सोडण्यास अखेरपर्यंत विरोध केला. प्रवाहाच्या मधोमध होडी थांबवली तर ती आपोआप खालीच वाहत जाणार, असे त्यांचे कालव्याविषयीचे म्हणणे होते. निवडणुकीपूर्वी योजनांची खैरात आणि नंतर तिजोरीत खडखडाट हे चित्र आपल्या वाचकाला अनोळखी नाही. त्या खैरातीच्या बाजूने लिंकन यांच्यासारखा माणूस उभा होता, हे पचायला थोडे जड जाते इतकेच.

परंतु त्याच १८३७ सालची दुसरी एक नोंद आहे. गुलामगिरीविरोधी संघटनांचा निषेध करणारा ठराव इलिनॉयच्या प्रतिनिधिगृहात जानेवारीत ७७ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. विरोधातील सहांपैकी एक मत लिंकन यांचे होते. राजधानीचा प्रश्न मार्गी लागेपर्यंत ते थांबले आणि मग ३ मार्च रोजी डॅन स्टोन या सहकाऱ्यासह त्यांनी लेखी निषेध नोंदवला. गुलामगिरी अन्यायावर आणि वाईट धोरणावर उभी आहे, असे त्यात म्हटले होते. त्याचबरोबर ती मोडू पाहणाऱ्या चळवळीच्या प्रचाराने अनिष्ट वाढेलच, अशी पुस्तीही जोडली होती. आधी काम साधून घ्यायचे आणि मग मत नोंदवायचे, हे गणित त्यात लपत नाही. तरीही २८ वर्षांच्या, पुन्हा निवडून यायचे असलेल्या आमदाराने दोनच सह्यांचा तो कागद सभागृहाच्या दप्तरात ठेवला, याचे मोल कमी होत नाही.

उडी आणि हजेरीपट

खिडकीचा प्रसंग ५ डिसेंबर १८४० चा. नवे विधानभवन अपुरे असल्याने प्रतिनिधिगृह स्प्रिंगफील्डमधील एका चर्चमध्ये भरत होते. वाद बँकेचा होता. राज्याच्या बँकेला नोटांच्या बदल्यात सोनेचांदी देणे तात्पुरते थांबवण्याची मुभा होती आणि ही मुभा अधिवेशन संपताच संपणार होती. विशेष अधिवेशन तेथेच संपवून बँकेला कोंडीत पकडावे, असा डेमोक्रॅटांचा डाव होता. बँकेच्या पाठीराख्या व्हिग सदस्यांनी गैरहजर राहण्याचे ठरवले. राज्यघटनेप्रमाणे गणपूर्तीसाठी दोन-तृतीयांश सदस्य लागत असत. लिंकन आणि मोजके सहकारी लक्ष ठेवण्यासाठी आत बसून राहिले. तेवढ्यात बाहेरून काही सदस्यांना पकडून आणण्यात आले आणि गणपूर्ती होते आहे असे दिसू लागले. दार बंद होते. लिंकन आणि आणखी दोघांनी खिडकी उघडून बाहेर उड्या टाकल्या.

त्याचा उपयोग काहीही झाला नाही. हजेरी आधीच मोजली गेली होती. अधिवेशन संपले, बँकेची मुभा गेली. विरोधी वृत्तपत्रांनी मात्र यथेच्छ खिल्ली उडवली. लिंकन यांचे पाय इतके लांब की उडी मारताना ते जमिनीलाच टेकले असावेत, तेव्हा विधानभवनावर आणखी एक मजला चढवावा, अशी चेष्टा झाली. लिंकन यांनाही पुढे त्या प्रसंगाची आठवण फारशी आवडत नसे.

आपल्याकडे हे हत्यार चालत नाही, याचे कारण राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद १८९ प्रमाणे विधानसभेच्या गणपूर्तीला दहा सदस्य अथवा एक-दशांश सदस्य, यांपैकी जी संख्या मोठी असेल ती पुरेशी असते. २८८ आमदारांच्या महाराष्ट्रात ती २९ होते. साहजिकच येथे सभात्याग हा निषेध ठरतो, अडवणूक ठरत नाही. टेक्सासमध्ये उंबरठा शंभरावर आहे म्हणून हा मार्ग उरतो. परंतु तेथेही त्याचा अनुभव १८४० हून फार वेगळा नाही. २०२१ मध्ये निवडणूकविषयक विधेयक रोखण्यासाठी डेमोक्रॅट सदस्य वॉशिंग्टनला निघून गेले होते. विधेयक काही आठवड्यांनी संमत झालेच. २०२५ मध्ये ते १८ ऑगस्टला परतले आणि २० ऑगस्टला नवा नकाशा ८८ विरुद्ध ५२ मतांनी संमत झाला. पंधरवड्याच्या त्या अनुपस्थितीत प्रश्न देशभर गाजला आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्याला प्रत्युत्तराची तयारी करता आली, ही कमाई नाकारता येणार नाही. बहुमत मात्र जेथल्या तेथे राहिले.

फिरत्या न्यायालयाचा वकील

१८४२ नंतर लिंकन राज्याच्या विधिमंडळात राहिले नाहीत. १८४७ ते १८४९ या काळातील काँग्रेसची एक मुदत सोडली तर पुढची वर्षे वकिलीची. वसंतात आणि शरदात न्यायाधीश आणि वकिलांचा तांडा घोड्यावरून अथवा बग्गीतून एका परगण्याहून दुसऱ्या परगण्याला जाई. ‘आठवे सर्किट’ म्हणून ओळखला जाणारा हा टापू एके काळी चौदा परगण्यांचा होता. रात्री खाणावळीत दोन-दोन वकील एका पलंगावर झोपत; स्थूलदेही न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस यांना तेवढा स्वतंत्र पलंग मिळे. गावात पोचताच पक्षकार गोळा होत. कामे बहुतांशी किरकोळ असत. बुडीत कर्जे, हद्दीचे तंटे, डुकरांनी केलेली शेताची नासाडी, अब्रूनुकसानी. लिंकन आणि त्यांचे भागीदार यांच्या कामाचे अभ्यासकांनी जमवलेले दप्तर पाच हजारांहून अधिक प्रकरणांचे आहे आणि त्यांत कर्जवसुलीचा वाटा सर्वांत मोठा आहे.

या दप्तरात मुक्तिदात्याची प्रतिमा चाचपडत शोधावी लागते. १८४१ मध्ये नॅन्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या विक्रीच्या वचनचिठ्ठीवरून दावा उभा राहिला. इलिनॉयमध्ये माणूस स्वतंत्र आहे असेच गृहीत धरले पाहिजे, असा युक्तिवाद करून लिंकन तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले. सहा वर्षांनी त्यांनी उलट बाजू घेतली. रॉबर्ट मॅटसन हा केंटकीचा जमीनदार इलिनॉयमधील आपल्या शेतावर गुलाम आणून राबवीत असे. दक्षिणेत विकले जाण्याच्या भयाने जेन ब्रायंट ही स्त्री चार मुलांसह पळाली, तेव्हा त्यांना परत मिळवण्यासाठी मॅटसनने जे वकील केले त्यांत लिंकन होते. ते हरले आणि ब्रायंट कुटुंब मुक्त झाले. येईल त्या पक्षकाराचे काम घ्यावे हा त्या काळच्या वकिलीचा रिवाज होता, असे समर्थन केले जाते. ते खरेही आहे. परंतु मॅटसनला नकार देणे अशक्य होते, असे त्यातून सिद्ध होत नाही.

पुढे रेल्वे कंपन्या आल्या आणि वकिलीचे रूप पालटले. इलिनॉय सेंट्रल रेल्वेला परगण्याच्या करातून सोडवणारा मोठा खटला लिंकन यांनी जिंकला आणि पाच हजार डॉलरच्या फीसाठी १८५७ मध्ये त्याच कंपनीवर दावा लावून ती वसूल केली.

मते अधिक, जागा कमी

कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने १८५४ मध्ये गुलामगिरीला नव्या प्रदेशांत वाट मोकळी करून दिली आणि लिंकन पुन्हा राजकारणात उतरले. त्या वर्षी ते पुन्हा विधिमंडळावर निवडून आले. पण जागा स्वीकारली नाही. अमेरिकी सिनेटचे सदस्य तेव्हा राज्यांची विधिमंडळे निवडत, जसे आपल्याकडे राज्यसभेचे सदस्य आमदार निवडतात. आमदाराला त्या पदासाठी उभे राहता येत नव्हते आणि लिंकन यांना सिनेटर व्हायचे होते. १८५५ मध्ये पहिल्या फेरीत आघाडीवर असूनही अखेर त्यांनी आपली मते लायमन ट्रंबुल यांच्या पारड्यात टाकली.

१८५८ ची स्टीफन डग्लस यांच्याशी झालेली लढत जगप्रसिद्ध आहे. सात जाहीर वादसभा, हजारोंची गर्दी. मतदार मात्र त्या दोघांना मत देत नव्हते. ते आमदार निवडत होते. राज्यभरच्या मतांत लिंकन यांचा रिपब्लिकन पक्ष किंचित पुढे राहिला. परंतु मतदारसंघ १८५० च्या जनगणनेवर बेतलेले होते. त्यानंतरच्या दशकात इलिनॉयची लोकसंख्या साडेआठ लाखांवरून सतरा लाखांवर गेली. ही वाढ प्रामुख्याने उत्तर भागात झाली, म्हणजे रिपब्लिकनांच्या बालेकिल्ल्यात. शिकागो तीस हजारांवरून एक लाखाच्या पुढे गेले. जागांची वाटणी जुनीच राहिल्याने दक्षिणेकडील डेमोक्रॅट परगण्यांचे वजन प्रत्यक्षाहून अधिक ठरले. काही वरिष्ठ सदस्यांची मुदत शिल्लक होती, त्याचाही लाभ डग्लस यांना झाला. ५ जानेवारी १८५९ रोजी विधिमंडळाने ५४ विरुद्ध ४६ मतांनी डग्लस यांना निवडले.

खिडकीतून मारलेल्या उडीने एका बँकेचे भवितव्य चार दिवसही लांबले नाही. उलट जुनाट मतदारसंघांनी राज्यातील मतांचा कौल फिरवला आणि तोही कायद्याचा एक शब्द न मोडता. टेक्सासमध्ये पणाला लागले होते ते हेच. फरक इतका की १८५८ मध्ये विषमता प्रामुख्याने स्थलांतराच्या वेगामुळे साचली होती. आता ती संगणकावर गल्लीगल्लीच्या मतदानाचा हिशेब मांडून घडवली जाते. पक्षीय हेतूने आखलेल्या मतदारसंघांचा प्रश्न संघीय न्यायालयांनी सोडवायचा नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि उरलासुरला अडसर दूर झाला. या खेळात कोणी सोवळे नाही. टेक्सासच्या बंडखोरांना आश्रय देणाऱ्या इलिनॉयमध्येच डेमोक्रॅटांनी आखलेल्या नकाशावर २०२२ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत त्या पक्षाला १७ पैकी १४ जागा मिळाल्या. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ४ नोव्हेंबर २०२५ रोजी स्वतंत्र आयोगाचा नकाशा तात्पुरता बाजूला ठेवून टेक्सासची परतफेड करणारा नकाशा स्वीकारला. टेक्सासचा नकाशा संघीय न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने नोव्हेंबरात रोखला. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने २०२६ च्या निवडणुकीसाठी त्याला वाट मोकळी करून दिली.

या मालिकेत एक राज्य निराळे निघाले. लिंकन यांचे बालपण गेलेल्या इंडियानात रिपब्लिकनांचे प्रचंड बहुमत आहे. तेथेही सीमा बदलण्यासाठी वॉशिंग्टनहून महिनोन्‌महिने दबाव येत होता. ११ डिसेंबर २०२५ रोजी तो प्रस्ताव राज्याच्या सिनेटपुढे मतास आला. कोणीही गैरहजर राहिले नाही, कोणी राज्य सोडून गेले नाही. दहा डेमोक्रॅटांच्या बरोबरीने सत्ताधारी पक्षाच्याच एकवीस सदस्यांनी विरोधात मत नोंदवले आणि प्रस्ताव ३१ विरुद्ध १९ मतांनी फेटाळला गेला.